पदराच्या गाठीतला प्रसाद

मानकापूरच्या त्या फ्लॅट स्कीममध्ये प्रेमलताबाईंना सगळे सिस्टरबाई म्हणतात, आणि नवा भाडेकरू हटकून फसतो. गळ्यात क्रूस, अंगावर फिकी सुती साडी आणि वर सिस्टर, म्हणजे मठातल्याच असणार, असं समजून तो दोन दिवस त्यांच्यासमोर आवाज खाली ठेवतो. तिसऱ्या दिवशी जिन्यातून 'अंकुश गा, दुधाची पिशवी आणली काय?' अशी हाक येते, आणि मठातल्या बाईला चाळिशीचा मुलगा कुठून आला, या विचारात बिचाऱ्याचा चहा थंड होतो. खरं एवढंच की त्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. चौतीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहेत, आणि स्कीममधल्या कोणालाही इंजेक्शन टोचून देतात. फुकट. म्हणजे पैसे घेत नाहीत, बातमी घेतात. सुई आत गेली की माणूस खरं तेच बोलतो, असं त्यांचं मत आहे. चौथ्या मजल्याची सून माहेरी का गेली, हे अख्ख्या स्कीममध्ये सगळ्यात आधी त्यांना कळलं ते असंच.

फक्त रविवारी सकाळी सात ते दहा सुई बंद. कोणी तापानं फणफणो की कोणाच्या घरी लग्न निघो, बाई चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाणार म्हणजे जाणार. टाळेबंदीत चर्चला कुलूप लागलं आणि मिस्सा मोबाईलवर येऊ लागला. घरचे सगळे सोफ्यावर बसून आमेन म्हणत होते. प्रेमलताबाई पहिल्या रविवारी बसल्या, दुसऱ्या रविवारी उठल्या. 'पंगत दाखवून राहिले अन् म्हणते जेवा,' एवढं बोलून मास्क लावला आणि चर्चच्या बंद फाटकासमोर जाऊन तासभर उभ्या राहिल्या. पोलिसानं हटकलं तर त्यालाच विचारलं, तुझी शुगर कधी तपासली गा. फाटक काही उघडलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या पुन्हा तिथंच होत्या आणि पोलीसही होता. त्याची शुगर खरंच वाढलेली निघाली होती.

आता मिस्सात असं आहे तरी काय? प्रवचन असतं, पण त्यात डुलक्या काढणारे नागपुरात कमी नाहीत. गाणी असतात, ती बेसूरही असतात. कॅथलिक माणसाचा जीव अडकलेला असतो तो गव्हाच्या एका पांढऱ्या चकतीत, पापुद्र्यासारखी पातळ, चवीला काहीच नाही अशी. वेदीवर फादरनं येशूचे शब्द उच्चारले की ती भाकर राहत नाही. येशू स्वतः होतो. त्याची खूण नाही, आठवण नाही, तो. मग लोक रांगेनं पुढं जातात, फादर म्हणतो 'ख्रिस्ताचं शरीर', माणूस म्हणतो 'आमेन' आणि तिथंच खातो. मराठीत याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात, हिंदी मिस्सात परमप्रसाद, आणि घाईच्या नागपुरी बोलण्यात नुसता प्रसाद. या शेवटच्या शब्दानंच पुढचा सगळा घोळ घातला.

पण घोळाआधी बाईंची जुनी भानगड सांगायला हवी, नाही तर त्या एवढ्या का पेटल्या ते कळायचं नाही. कन्हानच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या जोसेफची ही मुलगी. चोविसाव्या वर्षी तिनं दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याशी लग्न केलं. त्याचं नाव संघपाल. छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातला, देव न मानणारा आणि तसं तोंडावर सांगणारा. दवाखान्यातल्या बायका म्हणायच्या, या माणसानं पोरीच्या आत काय आहे ते आधी पाहून घेतलं, मग मागणी घातली. लग्न झालं कोर्टात. कन्हानात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता.

चर्चच्या परवानगीशिवाय बाहेर लग्न केलं की कॅथलिक माणसाला प्रसादाच्या रांगेत उभं राहता येत नाही. तेव्हाच्या फादरनं तिला बोलावलं. कागद करता येतील म्हणाले, पण आधी चूक झाली असं म्हण. प्रेमलता म्हणाली, 'कोर्टात गेली हे चुकलं, म्हणते. या माणसाशी केलं हे चुकलं, असं मरेपर्यंत म्हणणार नाही.' फादरनं फक्त दुसरं वाक्य ऐकलं. ते हट्टी आणि ही त्यांच्याहून वरचढ. कागद राहिले.

अकरा वर्षं राहिले. आणि त्या अकरा वर्षांत तिनं एक रविवार चुकवला नाही. शेवटच्या बाकावर बसायची. रांग सुरू झाली की बाकीचे उठून जायचे आणि एवढ्या लांब बाकावर ही एकटी. परत येणाऱ्या प्रत्येकाला दिसायची. बायका हळदीकुंकवाला जमल्यासारख्या कुजबुजायच्या. आई म्हणाली, एवढी शोभा होते तर घरी बस. 'काहून?' ती म्हणाली. 'मले देत नाही तर नको देऊ. पण तो तिथं आहे, अन् मी घरी बसू?'

शेवटी एक म्हातारे फादर बदलून आले. त्यांनी तिसऱ्याच रविवारी विचारलं, पोरी, तू का नाही येत? दोन महिन्यांत बिशपांची परवानगी आली. संघपालनं आधीच सांगून ठेवलं होतं, 'मी हात जोडणार नाही. पण तुझ्या बाजूनं उभा राहीन, पाहिजे तेवढा वेळ.' चर्चमध्ये लग्न पुन्हा लागलं तेव्हा राहिला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्या रविवारी प्रेमलता रांगेत गेली. रडली नाही, असं ती आजही छाती पुढं काढून सांगते. रडला तो संघपाल, बाहेर स्कूटरजवळ, आणि विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हणाला. चार वर्षांपूर्वी तो गेला. बाईंचा रविवार राहिला.

तर आता घोळ. प्रेमलताबाईंच्या समोरच्या दारात यमुताई राहतात. घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं आणि ते अजून विसरलेलं नाही. त्यांचे यजमान कृष्णकांत, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांचा उजवा भाग गेला, बोलणं अर्ध्यावर आलं. तेव्हापासून प्रेमलताबाई सकाळ-संध्याकाळ त्यांना इन्सुलिन टोचतात. दोघी बायकांचं सख्य असं की दिवसातून एकदा भांडण झालं नाही तर स्कीमवाले तब्येत विचारायला येतात.

प्रेमलताबाईंची नात नूपुर नऊ वर्षांची. तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद ठरला. आदल्या दिवशी बाई समोर गेल्या आणि म्हणाल्या, 'उद्या नूपुरले पहिल्यांदा प्रसाद भेटणार आहे जी. तुम्ही यालच.' यमुताईंनी पेटीतली साडी काढली, मुलगा गौरांग याला वडिलांजवळ बसवलं आणि आल्या.

चर्च गच्च भरलेलं. कोण रांगेत आलंय यावर लक्ष ठेवायचं काम चर्चचे सेक्रेटरी विल्सनबाबू यांच्याकडं होतं. पण त्यांची स्वतःची भाची पांढऱ्या फ्रॉकमध्ये होती आणि विल्सनबाबू मोबाईल आडवा धरून तिचा सिनेमा काढत होते. प्रसाद फक्त कॅथलिकांसाठी, ही सूचना माइकवर झाली, पण माइक खरखरत होता. प्रेमलताबाई पुढं नूपुरची ओढणी सावरत होत्या. इकडं सगळा बाक उठला, यमुताईही उठल्या. डोक्यावर पदर, उजवा हात वर, डावा खाली, डोळे मिटलेले, मान झुकलेली. तरुण फादर भारावले. ते 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणाले, पुढची बाई जे म्हणाली होती तेच यमुताई म्हणाल्या, चकती कपाळाला लावली आणि बाजूला होऊन पदराच्या टोकात गाठ मारली.

हे कळलं परतीच्या ऑटोत. यमुताई गाठीवर हात ठेवून समाधानानं म्हणाल्या की आज एकादशी, गहू कसा चालेल, पण प्रसादाला नाही म्हणू नये. उद्या पारण्याला यांना अर्धा आणि मला अर्धा.

प्रेमलताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिथंच हात पुढं केला, 'तो मले वापस द्या.' यमुताईंना थट्टा वाटली. त्या हसल्या, ऑटोतून उतरल्या, घरात गेल्या. चकती चांदीच्या डबीत ठेवली, तुळशीचं पान घातलं, झाकण लावलं आणि डबी बाळकृष्णापुढं मांडली. मग प्रेमलताबाई दारात आल्या, तेव्हा त्यांना कळलं की थट्टा नाही.

'दिलेला प्रसाद परत मागतात का कुठं?'

'मी मागून राहिली.'

दार लागलं.

प्रेमलताबाईंच्या घरात पाहुणे जमले होते, बिर्याणीच्या गंजाचं झाकण उघडलं होतं. त्यांनी फादरना फोन लावला. पोरगेल्या फादरचा आवाजच बसला. चूक माझी, मी येतो म्हणाले. बाईंनी नको म्हटलं, तुम्ही आले तर त्या कडी लावून बसतील. मग फादर म्हणाले, मिळाला तर तिथंच, भक्तीनं, तुम्ही स्वतः घ्या. आणि नाही मिळाला तर आपण प्रार्थना करू. 'नाही मिळाला' हे शब्द बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पाठोपाठ विल्सनबाबूंचा फोन. झालं ते झालं, आता शेजाऱ्याशी वाद वाढवू नका, पण यापुढं बाहेरच्या बायका आणत जाऊ नका. बाई म्हणाल्या, 'तुमच्या भाचीचा व्हिडिओ चांगला आला असेल नं? पाठवा मले.' आणि फोन ठेवला.

त्यांनी घरातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, यमुताईंच्या दारासमोर मांडली आणि बसल्या. दुपारचा एक वाजला होता. तोंडात पाण्याशिवाय काही नाही. ख्रिस्तप्रसादाआधी तासभराचा उपास पुरतो, पण डबी कधी उघडेल कोणाला माहीत, म्हणून बिर्याणीलाही नाही म्हणाल्या. अंकुश दोनदा येऊन, आई, लोक पाहून राहिले, असं म्हणून गेला. पाहत होतेच. दुसऱ्या मजल्यावरच्या पार्वतीबाई कढीपत्ता मागायला तीनदा वर आल्या, आणि तिन्ही वेळा कढीपत्ता न घेताच खाली गेल्या.

अडीचच्या सुमारास गौरांग बाहेर आला. चांगला मुलगा आहे, कंपनीत मोठा पगार घेतो, म्हणून प्रत्येक गोष्टीवर तोडगा त्याच्याजवळ असतो. म्हणाला, 'काकू, मी आत्ताच बघितलं, ऑनलाइन मिळतात या. पाचशेचं पाकीट. उद्यापर्यंत घरी. एकीच्या बदल्यात पाचशे.'

'मागव,' प्रेमलताबाई म्हणाल्या. 'चिवड्यात टाकून खा. मले त्या नको. मले हा एक पाहिजे.'

'पण फरक काय आहे?'

'तुझं लग्न झालं तवा हॉलमध्ये दोनशे पोरी होत्या. अबोलीलेच काहून घरी आणलं? कोणतीही चालली असती.'

आत अबोलीच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. गौरांग आत गेला तो पुन्हा आला नाही.

यमुताई मात्र अधूनमधून दार उघडत होत्या. भांडण अर्धं सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. तुम्हीच प्रसाद म्हणालात की नाही? प्रेमलताबाई म्हणाल्या, चुकलं माझं, तोंडाची सवय. आमच्या महाप्रसादाला अख्खं गाव जेवतं, कोणाला जात विचारत नाही, तुमचाच देव एवढा मोजून-मापून कसा? मग यमुताईंनी खरा घाव घातला. 'सगळ्यांसाठी जीव दिला म्हणता नं त्यानं? मग माझा माणूस अंथरुणावर पडलाय, त्याच्या तोंडात अर्धा तुकडा गेला तर काय बिघडतं त्याचं?'

हे बाईंना लागलं. खुर्चीवरून उठून घरी जावं, असं त्या दिवसात एकदाच वाटलं, ते तेव्हा. कृष्णकांतरावांच्या पाठीचे व्रण त्यांनी आपल्या हातानं धुतले होते. त्या माणसाला एक घास नाकारायला आपण दारात बसलोय, असं ऐकणाऱ्याला दिसणार, आणि दिसायला ते तसंच होतं. पण त्या उठल्या नाहीत.

सहा वाजले. दार उघडलं. यमुताई कडेला उभ्या राहून भिंतीकडं बघत म्हणाल्या, 'इन्सुलिनची वेळ झाली. की आता तेही बंद?'

प्रेमलताबाई आत गेल्या. देवघर डाव्या हाताला होतं, दार उघडं होतं, डबी चमकत होती, चार पावलांवर. त्यांनी हात धुतले, कृष्णकांतरावांना टोचलं, कापूस दाबला, चादर नीट केली. कृष्णकांतरावांनी डाव्या हातानं काय चाललंय अशी खूण केली. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ऐकलं, जीभ जुळवली आणि अर्ध्या तोंडानं, पण चाळीस वर्षांच्या नोकरीच्या अधिकारानं म्हणाले, 'यमू. दुसऱ्या खात्याची फाईल. परत पाठव.'

बाई पुन्हा बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. डबी उचलून आणता आली असती, हे त्यांनाही माहीत होतं आणि यमुताईंनाही. थोड्या वेळानं यमुताई आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. दोघींची तोंडं आता समोरासमोर होती.

'सांगा मला नीट,' यमुताई म्हणाल्या. 'आहे काय ते?'

'तो आहे,' प्रेमलताबाई म्हणाल्या. 'तुम्ही म्हणता प्रसाद. देवापुढं ठेवला, देवाचा हात लागला, तो प्रसाद. हे तसं नाही यमुताई. हे त्याचं दिलेलं नाही. हा तोच आहे.'

'तोच म्हणजे?'

'तोच म्हणजे तोच. मले अकरा वर्षं नव्हता भेटत. माझ्याच चर्चमध्ये. तुमच्या माणसाले एक दिवस नाही भेटला, तर तुम्हाले एवढं लागलं. मी अकरा वर्षं भात शिजवून राहिली, खाऊन राहिली अन् उपाशी होती. संघपाल म्हणे, एवढं आहे तर म्हणून टाक चूक झाली. मी नाही म्हटलं. खोटं बोलून त्याच्यासमोर कशी जाऊ? तो काही कागद नाही, फसवायले.' बाई श्वास घ्यायला थांबल्या. 'तुमच्या माणसाले मी नाही म्हणून राहिली, तो वाईट आहे म्हणून नाही. जो घेते, त्याले आमेन म्हणावं लागते. आमेन म्हणजे हो, तूच आहेस. तुम्ही नुसतं ऐकून म्हटलं. ज्या दिवशी मनातून म्हणाल, त्या दिवशी मी तुमचा हात धरून लायनीत उभी करीन, अन् विल्सनबाबू आडवा आला तर त्याले पाहून घेईन. तवापर्यंत नाही देणार. तुम्हाले राग येवो, स्कीम हसो. आज नाही दिला तर उद्याही मी इथंच आहे.'

यमुताई आता चिडणार असं प्रेमलताबाईंना वाटलं, पण त्यांनी मान वळवून देवघराकडं पाहिलं.

'म्हणजे,' त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'तुमचा देव सकाळपासून माझ्या डबीत आहे?'

'हो.'

'झाकण लावून?'

'तुम्हीच लावलं.'

'अहो, मग आधी नाही का सांगायचं? प्रसाद, प्रसाद करत बसल्या दिवसभर. देव आलाय म्हटलं असतं तर मी पाट मांडला असता. आलेल्या देवाला कोणी डबीत कोंडतं का? आणि उद्या सकाळी मी त्याचा मोडून अर्धा...' यमुताईंनी तोंडाला पदर लावला. येशूवर त्यांचा विश्वास बसला, असं कोणी समजू नये. पण समोरची बाई खरं बोलतेय, एवढ्यावर बसला, आणि दुसऱ्याच्या देवाचाही अपमान आपल्या घरात व्हावा हे त्यांच्या कुळाचारात बसत नव्हतं.

'मी आता हात लावत नाही,' त्या उठत म्हणाल्या. 'तुम्हीच या.'

वीस वर्षांच्या शेजारात प्रेमलताबाई त्या देवघरात गेल्या नव्हत्या. कोणीच जात नाही, सोवळ्यात नसली तर अबोलीसुद्धा नाही. बाईंनी बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि उंबरा ओलांडला. बाळकृष्णाकडं त्यांनी पाहिलं नाही, त्याच्याशी त्यांचं काही काम नव्हतं. गुडघा दुखत होता, तरी त्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकून बसल्या आणि झाकण काढलं. चकती अख्खी होती. तुळशीचं पान बाजूला सारलं, क्रूसाची खूण केली, 'आमेन' म्हणाल्या, दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि ती जिभेवर ठेवली. डबीत दोन बारीक कण राहिले होते, तेही बोट ओलं करून घेतले. डबीत थोडं पाणी घालून तेही प्यायल्या.

मग डोळे मिटून तशाच राहिल्या. प्रसाद घेतल्यावर लगेच उठायचं नसतं, त्याच्याशी बोलायचं असतं, आणि प्रेमलताबाईंकडं त्या दिवशी बोलायला पुष्कळ होतं.

बाहेर अंधारून आलं. दिवेलागणीची वेळ टळत होती. यमुताई हातात काडेपेटी घेऊन देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. निरांजन आत होतं आणि आत बाई गुडघ्यांवर. गौरांगनं घड्याळ पाहिलं, आईच्या कानाशी लागून विचारलं की यांना अजून किती वेळ लागेल.

'तू गप्प बैस,' यमुताई म्हणाल्या. 'तिचं झालं की उठेल ती.'

आणि काडेपेटी मुठीत धरून उभ्या राहिल्या.